वासाचा रकाना

नांदेडच्या पुढं, एमआयडीसीच्या टोकाला
शेडमध्ये सतरंजी अंथरली होती.
अकरा जण बसलो, बूट बाहेर काढून.
मॅडम म्हणाल्या, बूट घालून या,
आज त्याचंच शिकायचंय.

हातमोजे काढून दाखवले त्यांनी,
बाहेरची बाजू आत घेत घेत,
माय लेकराचं भरलेलं झबलं उतरवते तसे.
ड्रमवरची कवटी ओळखता का, विचारलं.
सटवाजी म्हणाला, तिला तर रोज रामराम घालतो.

मग बारकी बाटली निघाली.
मास्कच्या फटी हिच्यानं कळतात.
आधी उघड्या नाकानं हुंगा.
"केळं!" सटवाजी.
"पिकलेलं, मोप पिकलेलं," दिगंबर.
बाटली माझ्याकडं आली.

मी अर्धापूरचा.
पिकवणीच्या खोलीत, पाल्यावर झोपून वाढलेला.
आजा डोळे मिटून सांगायचा
कुठला घड उद्या पिवळा पडणार.

हुंगलं.
काचेचा गारवा लागला नाकाला, बस.
"केळं," मी म्हणालो.
दोघांच्या मागून तिसरा काय म्हणणार?

मॅडमनी दुसरी बाटली दिली. "आणि ही?"
"हेबी केळंच. जरा कच्चं."
मागं कुणीतरी फिसकन हसलं.
पाणी होतं ते. जारमधलं.

टोपण लावताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही.
"ड्रमवर किती वर्षं?"
"नऊ. थिनरच्या."
"कधीपासून येत नाही वास?"

आता हे कसं सांगावं.
उजेड गेला की माणूस काडेपेटी चाचपतो.
हे गेलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली,
दूध करपलं, आन तुमी तिथंच बसलेले.
मला वाटलं, आपलं ध्यान नव्हतं.
धाकटीच्या टाळूला नाक लावायचो,
वाटायचं, साबण बदलला असंल.

आता मी गेटवर असतो.
कागद तपासायला गेलेत, यायचेत.
ट्रक आला की रजिस्टर उघडतो:
गाडी नंबर, माल, ड्रम किती, गळती,
आणि शेवटी, वास.

"दादा, वास यायलाय का?"
ड्रायव्हर नाकावरचा रुमाल खाली करून
बघत राहतो माझ्याकडं.
"तुमाला येईना का?"

मी पेनाचं टोपण काढतो,
रकाना बारका आहे, अक्षर दाबून लिहितो:
ड्रायव्हर म्हणतो, आहे.