किल्ली दुकानात मिळेल

न्यूफाउंडलंडच्या उत्तरेला, फेरीबोट दिवसातून दोनदा,
तीही धुक्याची मर्जी असेल तर.
संग्रहालयाच्या दारावर एवढंच: किल्ली दुकानात मिळेल.
दुकानात गमबूट, सुतळी, वाढदिवसाची कार्डं
आणि गल्ल्यामागे व्हर्ना हाईन्स, कोपरापर्यंत पिठात.
"थांबा, पाव भट्टीत सारते नि आले."
इतिहास वीस मिनिटं थांबला.
सवय असावी त्याला.

पूर्वीची ही मासळी खारवायची वखार.
भिंतींना अजून मिठाचा घाम सुटतो.
टेबलावर व्यापाऱ्याची वही: एका बाजूला कॉड,
दुसऱ्या बाजूला काकवी, पीठ, बुटांचा एक जोड,
खाली दोन्हींची गाठ घालून बाकी शून्य.
"आमच्या आजोबांनी चाळीस वर्षांत
नाणी हातात धरली ती एकदाच," व्हर्ना म्हणते,
"बहिणीच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवायला. उसनी."
"परत दिली?" माझ्या मुलाने विचारलं.
"दिली तर! बेट केवढंसं."

काचेत एक हातमोजा. डावा.
कुणी विचारायच्या आत खाली चिठ्ठी:
उजवा सेल्बीच्या हातात आहे.
खिडकीतून समुद्र दिसत होता. मी चिठ्ठीच पुन्हा वाचली.

आणि तो फोटो: समुद्रावर तरंगणारं दुमजली घर,
चिमणीसकट, पडद्यांसकट.
सरकार म्हणालं, इकडे या, इथे रस्ता आहे, डॉक्टर आहे.
मग घराच्या पोटाशी पिंपं बांधली,
भरतीची वाट पाहिली, सहा होड्यांनी ओढलं.
"वरच्या खिडकीत पांढरा ठिपका दिसतो?
ती डोर्कस आत्या. उतरायला तयार नव्हती.
म्हणाली, घर जातंय ना, मग मी कशाला वेगळी जाऊ?"
खाडी ओलांडेपर्यंत तिने पायमोज्याची टाच वळवून घेतली.

दुपारी हेडली आम्हांला जुन्या गावी घेऊन गेला.
गाव म्हणजे जोत्यांचे दगड,
गवतात रुतलेला चुलीचा पत्रा, आणि कबरी.
कबरींना पिंपं बांधता आली नाहीत.
रुबार्ब मात्र माजलेला, लाल देठांचा,
परसदार नसलं तरी परसातच उगवल्यासारखा.
हेडलीने उकिडवं बसून एक देठ मोडून दिला.
अंबाडीसारखा आंबट, दात शिवशिवले.
"हा पिन्सेंट लोकांचा," तो जरा ओशाळून म्हणाला,
"आमचा याहून गोड होता."
आमचा कुठला, ते त्याने दाखवलं नाही.

परतलो तर दुकानातली किटली गळायला लागलेली.
व्हर्नाने सरळ काचेचं कपाट उघडलं,
'किटली, अंदाजे १९३०' बाहेर काढली,
विसळली, शेगडीवर चढवली.
कपाटात धुळीत एक गोल उरला, आणि लेबल.

चहा पिताना तिने पाहुण्यांची वही पुढे सरकवली.
आधीचं नाव अकरा दिवसांपूर्वीचं.
मी नाव घातलं, गाव घातलं,
शेऱ्याच्या रकान्यात अडलो.
पोराने पेन ओढून घेतलं नि लिहिलं:
चहा खारट आहे.
व्हर्नाने चष्मा लावून वाचलं.
"असणारच," म्हणाली,
आणि त्याच्या कपात आणखी ओतला.