मेल्या

अजमानात पहाटेची बांग होते
तेव्हा मी लॉगिन झालेली असते.
ओट्याला लागून टेबल, टेबलाखाली बादली,
बादलीत एसीच्या नळीचं ठिबकणारं पाणी.
शारजापर्यंतचा ट्रॅफिक नाही, लिपस्टिक नाही,
गाऊनवर ओढणी घेतली की झालं ऑफिस.

नवरा म्हणतो, बरंय तुझं, घरबसल्या दिरहम.
खरंच बरंय.
वेदांगची बस येते तेव्हा मी खिडकीत असते,
मधल्या सुट्टीत बांगडे धुऊन होतात,
आणि व्हिसावर कुणाची तरी बायको असले
तरी बँकेच्या कार्डावर नुसती मी.

एका नोंदीला पंचेचाळीस सेकंद.
ठेवा. काढा. वर पाठवा.
वर्षभरात एवढं आलं:
शिवी वाचली की जिल्हा सांगते,
टिंबं किती दिली त्यावरून वय,
आणि पुरुष पिऊन लिहायला कधी बसतात तेही,
तिकडचे अकरा, इथले साडेनऊ.

काय बघते ते घरात सांगायचं नाही, असा करार आहे.
सही करताना वाटलं होतं,
सांगण्यासारखं असणार तरी काय.
आता नवरा विचारतो, आज काय काय?
मी म्हणते, काही नाही, लोक भांडतात.
आणि कांदा चिरता चिरता
सुरी थोडा वेळ खाली ठेवते, पातं भिंतीकडे करून.

मार्चमध्ये यंत्रानं एक कमेंट लाल करून पाठवली.
दोह्यातल्या कुणा पोराच्या फोटोखाली एका बाईनं लिहिलेलं:
मेल्या, फोन करूक काय हात झडले?
कधी येतलस?
मी हसले. मोठ्यानं, एकटी, सकाळी सहाला.
ही आमच्या वेंगुर्ल्याकडचीच.
ठेवा.

दुसऱ्या दिवशी मनिलाहून मारिविकचा शेरा:
मृत्यूची धमकी, अवयवांना इजा, दोन्ही नजरेतून सुटलं.
माझे गुण चौऱ्याण्णवावरून एक्क्याण्णव.
अपिलाला तीनशे अक्षरं.
तेवढ्यात कसं सांगू
की आमच्यात मेल्या म्हणतात
तो जगावा म्हणूनच म्हणतात,
उलट आवशीनं नीट नाव घेऊन हाक मारली
तर पोरगो घाबरतो, काहीतरी बिनसलंय.
लिहिलं: प्रेमाने वापरतात. प्रादेशिक.
उरलेली जागा तशीच गेली.

एप्रिलात तो मुलगा.
गच्ची, काळी टाकी, वाळत घातलेली गोधडी,
कठड्यावर बसून फोनशी बोलत होता,
मराठीत, शांतपणे,
दुकान उद्या किती वाजता उघडेल ते सांगावं तसं.
चौदाव्या सेकंदाला मी वर पाठवलं.
नियम तसाच आहे.
पण पडदा लगेच बदलत नाही, चाक फिरत राहतं,
आणि चाकामागे तो बसलेला.
माझ्याकडे तीन बटणं. लिहायला जागा नाही.
असती तर, नियम गेला खड्ड्यात, लिहिलं असतं:
मेल्या, खाली उतर. जेवलस काय?

चाक थांबलं. पुढे कुणीतरी विकायला काढलेली बनावट घड्याळं.
काढा.

वर गेलेलं पुन्हा खाली कळवत नाहीत.
मला स्वास्थ्याची नऊ मिनिटं मिळाली.
हिरव्या पडद्यावरची बाई श्वास घ्यायला सांगत होती;
तिला बोलू दिलं, बादली उचलली
आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याला ओतली.
खाली शफिकुल गाड्या पुसत होता,
बोनेटवर ठेवलेल्या त्याच्या फोनमध्ये कुणीतरी खदखदून हसत होतं.
काच बाहेरून घामेजलेली. समुद्र आहे म्हणतात तिकडे, दिसत नाही.

आज, जूनमध्ये, मारिविकचं उत्तर आलं.
मान्य. तीन गुण परत.
खाली एक ओळ जास्तीची, नमुन्यात नसलेली:
मग खरी धमकी असेल तर ती कशी ओळखायची?

पुन्हा तीनशे अक्षरं.
कर्सर लुकलुकतोय.
बादली भरत आलीय,
आणि वेदांगची बस
अजून वळणावर दिसत नाही.