दीपस्तंभ राहून गेला

पोझनानहून निघताना माझ्या खिशात एक यादी होती,
फ्रिजवरच्या चुंबकाखालून काढलेली, चार घड्यांची:
दीपस्तंभ. वाळूच्या टेकड्या. बोटीतली फेरी.
पाऊस लागला तर मत्स्यालय.
वादळ झालंच, तर दुसऱ्या पहाटे किनाऱ्यावर अंबर वेचणं.
आणि तळाशी, राडेकच्या तिरक्या अक्षरात:
झोप.

अर्ध्या वाटेवर तिमेकनं ओकारी काढली,
यादीवर नाही, माझ्या मांडीवर.
कालिना म्हणाली, आलं का?
म्हटलं, नाही.
कालिना म्हणाली, आता?

उस्त्कात दीपस्तंभ आमच्या फाटकापासून आठशे पावलांवर.
आम्ही बाराव्या पावलाला अडकलो.
अंगणातला नळ ठिबकत होता, त्याखाली ओल,
ओलीत एक गोगलगाय,
आणि गोगलगायीपाशी उकिडवा बसलेला माझा तीन वर्षांचा मुलगा.
चल.
हिला आधी जाऊ दे.
हिचे पाय कुठेत?
पोटात.
मग ती चालते की जेवते?

चाळीस मिनिटं लागली तिला पायवाट ओलांडायला.
तेवढ्यात राडेक आणि मी भांडून घेतलं,
सुट्टीवरचे आईबाप भांडतात तसं,
ओठांवर हसू, आत दात घट्ट:
बोटीची तिकिटं कोणी काढली,
टोप्या कोणी विसरल्या,
आणि इथे यायचं कोणाच्या डोक्यातून निघालं.
बोट आमच्यावाचून सुटली.
भोंगा ऐकून तिमेकनं तिला हात केला.

दुसऱ्या दिवशी नुसता पाऊस. त्याबद्दल बोलायला नको.

तिसऱ्या सकाळी घरमालकीण व्येस्वावाबाईंनी
शेडमधून जस्ताचं घंगाळ ओढत आणलं,
नळाखाली ठेवलं, दोन पळ्या टाकल्या, एक चाळणी.
म्हणाल्या, माझी चारही पोरं ह्यातच मोठी झाली,
समुद्र त्यांनी मागाहून पाहिला.
आणि पायरीवर बसून गूजबेरीची देठं खुडू लागल्या,
जणू त्यांनी काही सांगितलंच नव्हतं.

त्या दुपारी आम्ही करार केला, राडेक आणि मी:
दहापर्यंत मुलं तुझी, दहानंतर माझी.
ज्याची पाळी नसेल त्यानं खरंच नसायचं.
हे बोलायला सोपं.
पहिल्या सकाळी मी पांघरूण डोक्यावर घेऊन
भिंतीला कान लावून पडले होते:
आता पडला असेल, आता भूक लागली असेल,
कालिनाच्या सँडलचा पट्टा त्याला लावता येत नाही.
पट्टा लागला नाही.
कालिना अनवाणी हिंडली. जग चालत राहिलं.
दुसऱ्या सकाळी मी पुस्तकाची अकरा पानं वाचली,
बाराव्यावर झोपले,
तोंड उघडं टाकून, गालावर पानाची घडी उमटेपर्यंत.

समुद्रावर गेलो ते संध्याकाळी पाचनंतर,
लोक वाऱ्याचे पट्टेदार आडोसे गुंडाळून निघत होते तेव्हा.
अर्धा तास. पाणी असं गार
की राडेकच्या तोंडून निघालेला शब्द
कालिना आता शाळेत म्हणणार.
तिनं खड्डा खणला, त्यात बसली,
आणि कोणालाच काही दाखवलं नाही.
कोणी बघायलाच हवं असं तिला वाटलं नाही,
ह्याची मला जरा गंमत वाटली, आणि जरा कसंतरीही.

वाफलवरच्या क्रीमनं गांधीलमाश्या आल्या.
रडारड झाली. मग तीही दमली.

रात्री खिडकीच्या काचेवर
दीपस्तंभाचा उजेड येऊन जायचा.
मी विचारलं, उद्या चढू या का वर?
तिमेक झोपेत म्हणाला, नळ.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर आम्ही पुन्हा भांडलो,
वाळूवरून, खिडकी किती उघडायची ह्यावरून.
कोणीही बदललेलं नाही.
फक्त यादी पँटच्या खिशातच राहिली
आणि तशीच मशीनमध्ये गेली.
आठवडा झाला, मी अजून वेचतेय
चौघांच्याही काळ्या मोज्यांवरून
कागदाचा पांढरा चुरा.