तेरा मिलिसेकंद

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटात
तिसरी खोली म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांची वखार.
ती रिकामी करून ओजसने जाहीर केलं,
आजपासून ही गेमरूम.
सुलभा म्हणाली, मग कपडे काय डोक्यावर ठेवू?

भिंत मी मोजली. नऊ फूट दोन इंच.
एकतीस वर्षं अंबडला डाय फिटर होतो,
टेपची जीभ किती ओढायची
हे हाताला सांगावं लागत नसे.
आता डावा ओढतो, उजवा नुसता धरतो,
आणि तोही, धर म्हटल्यावर
जरा विचार करून.

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात
चाळीस टीव्ही, चाळिसांवर एकच धबधबा
आणि निळे मात्र चाळीस.
यातला खरा कुठला, मी विचारलं.
निकुंभ नावाचा पोरगा, गळ्यात पट्टा,
म्हणाला, काका, तुम्हाला आवडेल तो खरा.
आमच्या कंपनीत असं बोलला असता
तर जेवणाच्या सुट्टीआधी गेटबाहेर.
गंगापूर धरणाचं पाणी मी पाहिलंय,
डिसेंबरात, सकाळी सातला, दात वाजत असताना.
ते यातल्या एकाही निळ्यात बसेना.

पंचावन्न इंच की त्रेचाळीस,
सोफा सात फुटांवर की सहा,
ओजस रिफ्रेश रेट बोलत होता, पोर्ट मोजत होता,
मी मान हलवत होतो
पूर्वी ऑडिटरपुढे हलवायचो तशी.
मग म्हणाला, बाकी सोडा पप्पा, खरी गोष्ट लॅग.
म्हणजे आपण बटण दाबलं
आणि पडद्यावर हललं,
यांच्या मधे जातो तो वेळ.
याचा तेरा मिलिसेकंद. त्या कोपऱ्यातल्याचा साठ.
साठ म्हणजे मेलोच समजा.

खिशातल्या हाताला मी म्हटलं, ऐकलंस?
त्याने ऐकलं.
थोड्या वेळाने.

एक टीव्ही बंद होता.
काळ्याभोर काचेत एक गृहस्थ उभे,
ओठाची एक बाजू दुसरीला वर सोडून
एकटीच खाली उतरलेली.
बघा काका, ब्लॅक किती डीप आहे, निकुंभ म्हणाला.
दिसतंय, मी म्हटलं.
कमी चमकणारा दाखव.

पैशांचं सुलभाने पाहिलं.
वॉल माउंट फुकट, वर स्टॅबिलायझर,
आणि निकुंभच्या मालकाला घाम.

रविवारी भिंतीला भोकं पाडायला माणूस आला
तो नुसत्या अंदाजावर.
माझ्यातला एकतीस वर्षांचा फिटर ओरडला.
पाणपातळी आणवली,
बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येईपर्यंत
ड्रिलला हात लावू दिला नाही.
हे काम डोळ्यांचं. डोळे शाबूत आहेत.

रात्री ओजसने मला एक रिमोट दिला.
कंट्रोलर म्हणायचं म्हणे.
फिजिओवाल्या बाईंनी सांगितलं होतं,
चेंडू दाबा, मटार सोला, नाणी उचला.
हे त्यांच्या यादीत नव्हतं.
यानेच त्यांना जाऊन विचारलं होतं का,
ते मी विचारलं नाही.

वळण आलं. मी उजवीकडे म्हटलं.
गाडी सरळ भिंतीत गेली,
मग अंगठा उजवीकडे वळला.
फसवलं त्या निकुंभने, मी म्हटलं.
ओजस पडद्यावरची नजर न काढता,
टीव्हीचे तेराच आहेत, पप्पा.
माहितेय.

त्याची गाडी पुढे एका झाडाखाली उभी दिसली.
काय झालं रे?
पेट्रोल संपलं.
या खेळात पेट्रोल नसतंच
एवढं तर मलाही तोवर कळलं होतं.

मी भिंतीतून गाडी मागे घेतली.
दारात सुलभा, हातांवर चादरींचा ढीग,
हनुवटीने वरची घडी दाबून धरलेली.
यांना जागा कुठे, तेवढं सांगा.
ठेव इथेच, मधे, मी म्हटलं,
आणि दोन मिनिटं बोलू नकोस,
वळण येतंय.