अर्धा गेवरेक

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाबास जेवदेत बे,
सहा किलो उतरलात, छातीतली घरघरही गेली,
केलंत तरी काय?
मी म्हटलं, मी काहीच केलं नाही.
सिगारेटचं पाकीट तिसऱ्यांदा महागलं
तेव्हा टपरीवाल्याशी भांडलो,
आणि भांडण झालं म्हणून
त्या टपरीवर पुन्हा गेलो नाही.
बसभाडं वाढलं, तेव्हापासून खाडीच्या कडेनं चालत येतो.
मटण आमच्या घरचा पत्ता विसरलंय.
शाबासकी द्यायचीच असेल
तर अर्थखात्याला पाठवा.

इझ्मिरच्या जुन्या बाजारात माझं दुकान.
दुकान म्हणजे काय, एक काच, एक स्टूल, एक भिंग
आणि पाठ टेकायला दुसऱ्याची भिंत.
बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो,
फेकू नका, दुरुस्त होतं.
कोण ऐकतंय! बंद पडलं की नवं.
आता ऐकतात.
रुमालात गुंडाळून आणतात
लग्नातली, वडिलांची, कुणाच्या तरी निवृत्तीची घड्याळं,
काचेवर ठेवताना म्हणतात,
उस्ता, बघा ना जरा, जीव आहे का.

टीव्हीवर टाय लावलेला एक माणूस सांगतो,
महागाई ही शिक्षिका आहे,
तिनं घराघराला काटकसर शिकवली.
नेबाहत भांडी विसळत असते
(हल्ली एकाच टपात, नळ बंद करून)
ती म्हणते, नाक दाबलं की तोंड उघडतं, खरं आहे.
पण ते उघडतं श्वासासाठी.

मग बराच वेळ ती एकच ताट विसळत राहते.
रविवारी न्याहारीला तिची बहीण यायची, भाचरं यायची,
ऑलिव्ह, चीज, चार तऱ्हेचे मुरंबे,
बारा वाजले तरी टेबल आवरलं जायचं नाही.
गेल्या हिवाळ्यापासून आम्ही कुणाला बोलावलं नाही
आणि कुणी आम्हाला.
सिगारेट सुटली तशी हीही सवय सुटली.
डॉक्टरीणबाईंच्या कागदावर
हिच्यासाठी रकाना नाही.

दुकानात एक खण आहे, पूर्वी रिकामा असायचा.
त्यात आज सत्तेचाळीस घड्याळं,
सगळी चालू, सगळी बिनमालकाची.
आणताना उमेद पुरते, नेताना मजुरी लागते.
मी रोज सकाळी चावी देतो.
खण उघडला की बारीक आवाज येतो,
डाळीत कीड चालावी तसा.

मुकेर्रेम हानम पूर्वी येता-जाता हात करायच्या.
त्यांच्या नवऱ्याचं घड्याळ एप्रिलपासून माझ्याकडे,
आणि तेव्हापासून त्या पलीकडच्या बाजूनं जातात,
बटणांच्या दुकानात असं निरखून बघत
जणू अंगावरचं प्रत्येक बटण तुटलंय.
काल मी उठलो, गल्ली ओलांडली,
घड्याळ त्यांच्या हातात दिलं.
पैसे पुढच्या महिन्यात देते, म्हणाल्या.
हो, पुढच्या महिन्यात, मी म्हटलं.
किती तारखेला,
ते दोघांनीही काढलं नाही.

अकराला हिल्मी चहा घेऊन येतो, साखरेचा एकच खडा.
दुसरा मागितला तर डॉक्टरीणबाईंचं नाव सांगतो.
पूर्वी तो त्याचा गेवरेक त्याच्या शेगडीपाशी खायचा
आणि मी माझा इथं,
तीळ आपापल्या मांडीवर सांडत.
आता दोघांत एक घेतो, मधोमध मोडतो.
अर्ध्या कड्याला कुणी कडं म्हणत नाही.
पण तो दहा मिनिटं समोर बसतो,
आणि वीस वर्षांनी मला कळलं
की त्याला तीन मुली आहेत, धाकटी बासरी वाजवते,
आणि हा माणूस हसताना डोळे मिटतो.

हे महागाईनं दिलं असं मी म्हणणार नाही.
तिनं फक्त पाव अर्धा केला.
बाकीचं आमचं आम्ही केलं.

मोडताना एक तुकडा नेहमीच मोठा होतो.
तो मी त्याच्याकडे सरकवतो,
तो माझ्याकडे.
रोज त्यातच चहा निवतो.