अठ्ठ्याण्णव टक्के

भंवरकुआला, कोचिंगच्या तिसऱ्या मजल्यावर,
झेरॉक्सच्या वर नि मुलींच्या मेसच्या खाली
माझी खोली. रात्रीचे पावणेबारा.
चौरसिया सरांचा भूगोल लहान करत बसलेय.

अख्खी नर्मदा, अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत,
बडवानीच्या पोराच्या फोनात मावेल एवढी करायची.
त्यासाठीच तर कार्ड घेतलं, जेल रोडवरून,
इद्रिसभियांकडून. तीन हप्ते बाकी आहेत.
"सगळं हेच ओढेल, मॅडम,
प्रोसेसर नुसता झोपा काढेल."

झोपा कार्ड काढतंय.
अकरा टक्के. मधेच बारा.
आणि प्रोसेसर अठ्ठ्याण्णववर,
पंखा असा, की खालचा झेरॉक्सवाला
विचारून गेला, गिरणी टाकलीत का?

ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
डबा उघडून धूळ पुसली; नव्हतीच फारशी.
व्हिडिओ उलगडणं कार्डावर? हो.
लहान करणं? तेही.
परत बांधणं? तेही तिथंच.
मग हा कोण राबतोय, आणि कुणासाठी?

शेवटी कमांडची ती लांबलचक ओळ
मोठ्यानं वाचली,
शाळेत टेंबेबाई शुद्धलेखन घालायच्या तशी,
स्वल्पविरामांसकट.
आणि मधोमध सापडला
सरांचा लोगो.

पिवळा, उजव्या कोपऱ्यातला,
पृथ्वीगोलावर बसलेलं घुबड.
सरांची अट: आधी शिक्का, मग बाकी सगळं.
पण शिक्का मारणारा फिल्टर जुना,
त्याला कार्डावर चढता येत नाही.
म्हणून प्रत्येक चित्र, सेकंदाला पंचवीस,
एकेक बारा-बारा एमबीचं धूड,
कार्डावरून खाली उतरतं,
प्रोसेसरपुढे उभं राहतं,
रंगांची मांडणी बदलून घेतं, घुबड लावून घेतं,
आणि पुन्हा जिना चढतं,
लहान व्हायला.

एका तासाच्या लेक्चरला नव्वद हजार खेपा.
कार्ड बिचारं आळशी नव्हतं.
वाट बघत होतं.

हसू आलं. माझा रजेचा अर्जही असाच
तळमजल्यावर जातो, सही घेऊन वर येतो,
आणि परत खाली,
तारीख राहिली म्हणून.

घुबडालाच वर पाठवलं. एकदाच.
म्हटलं, तिथंच बस,
येईल त्या चित्राला तिथल्या तिथं चिकट.
फिल्टर बदलला, खाली-वर करणारे दोन शब्द खोडले.
एवढंच. चार रात्री, आणि एवढंच.

प्रोसेसर: नऊ.
पंख्याचा आवाज उतरत, उतरत
कूलरखाली विरून गेला
आणि मग ऐकू आलं,
वरच्या मेसमध्ये कुणीतरी येरझारा घालत
नर्मदेच्या डाव्या उपनद्या घोकतंय:
बंजर, शक्कर, दूधी, तवा...
पुन्हा पहिल्यापासून,
बंजर, शक्कर...

आठवडाभर तोच धडा लहान करतेय मी.
"शेर राहिली गं,"
छताकडे बघून म्हटलं.