मृताशी नातं

अठराशे एक्कावन्नची शिरगणती. बर्स्लेम, मागची आळी :
इनॉक टर्नॉक, बशा झिलईत बुडवणारा.
बायको टॅबिथा. मुलगी केझाया, वय चार.

एकसष्टला केझाया, वय सहा.

चष्मा पुसला. कारकुनाला शिव्या घातल्या.
मग दफनवहीत बोट उतरत गेलं
त्रेपन्नच्या फेब्रुवारीपर्यंत :
केझाया, सामाईक खड्डा, चौथा थर,
वय सहा.

नाव वाया घालवायची ऐपत नव्हती त्यांची.
धाकटीच्या अंगावर तेच चढवलं,
बहुधा झबल्यासकट.

टॅबिथा मात्र दहा वर्षांत सातानंच वाढलेली.
असो.

नक्कल हवी तर अर्ज भरा, म्हणाली काउंटरवरची बाई.
'मृताशी नातं' या रकान्यापाशी पेन अडलं.
खापरपणजीची थोरली बहीण,
तिला कधीच न भेटलेली...

मी नुसतंच माझं नाव लिहिलं.